रीस्लिंग चाखायला बसण्याआधी

जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यातली रीस्लिंग ही पांढरी वाइन पहिल्यांदा चाखणारे बरेच जण वहीत एकच शब्द लिहितात: गोड. डब्ल्यूएसईटी या वाइनचं शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या लेव्हल 3 परीक्षेला नाव झाकलेल्या दोन वाइन समोर येतात आणि वर्णन लिहायला अर्धा तास मिळतो. तिथं एवढ्यावर भागत नाही. थंड प्रदेशात द्राक्ष सावकाश पिकतं, रात्री गार असल्यानं त्यातलं मॅलिक आम्ल टिकतं. ते साखरेच्या आड दडलेलं असतं, म्हणून लक्षात येत नाही.

याचा सराव घरी होतो. लिटरभर पाण्यात 7 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा, पाण्याचे दोन सारखे भाग करा आणि एकात 20 ग्रॅम साखर घाला. (गूळ नको, कोल्हापूरचा असला तरी, त्याचा वास मध्ये येतो.) घोट दहा सेकंद तोंडात घोळवून थुंका, मान खाली घाला आणि लाळ किती सुटते ते बघा. साखरेचं पाणी कमी आंबट लागेल, लाळ मात्र जवळपास तेवढीच सुटेल. वाइनचं आम्ल ठरवताना चवीपेक्षा या लाळेवर विश्वास ठेवा.

लेबलवर अल्कोहोल 8-9 टक्के असेल तर साखर बरीच शिल्लक आहे असं समजा. जर्मन लेबलवर 'ट्रोकन' म्हणजे ड्राय, गोड नसलेली. तिच्यात साखर लिटरला जास्तीत जास्त 9 ग्रॅम. आधी ड्राय घ्या, मग गोड. उलटं केलंत तर ड्राय वाइन नुसती आंबटढाण लागते.

मिसळ किंवा तांबडा रस्सा ओरपून लगेच चाखायला बसू नका. पोळलेल्या जिभेला अल्कोहोल जास्त झोंबतं आणि बारीक चवी हाताला लागत नाहीत. दोनेक तास जाऊ द्यात. खोलीत उदबत्ती नको, अत्तर नको. डांबरगोळ्यांच्या कपाटातला ग्लास तर मुळीच नको.

वाइन 8 ते 10 अंशांवर हवी. फ्रिजमधून काढल्यावर थंडीच्या दिवसांत पंधरा मिनिटं थांबा, एप्रिल-मे मध्ये पाचही पुरतात. ग्लासात 50 मिलीच ओता, बाटली परत फ्रिजमध्ये. जास्त गार असेल तर वास दबतो आणि आम्ल टोचतं. कोमट झाली की अल्कोहोल नाकात चढतं.

वास लिहिताना 'फळांचा' असं मोघम नको. लिंबाची साल, कैरी, हिरवं सफरचंद, यातलं नेमकं काय ते लिहा. जुन्या रीस्लिंगला रॉकेलसारखा वास येतो, ती बिघडलेली नसते. ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊन फळं गायब झाली असतील तर मात्र बुचाचा दोष. वाट बघून तो जात नाही, दुसरी बाटली उघडा. तळाशी पांढरे खडे दिसले तर ती साखर नव्हे, काचही नव्हे. टार्टारिक आम्लाचा क्षार गारव्यानं खाली बसतो. बाटली तासभर उभी ठेवा, हलक्या हातानं ओता आणि शेवटचा घोट आत राहू द्या.