आरव्हीचा (म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीचा) ब्रेकर सारखा पडतोय? आधी कधी पडतोय ते बघा

ब्रेकर पडला की खटका वर करायचा, परत पडला की परत वर, आणि शेवटी ब्रेकरच खराब आहे म्हणून मोकळं व्हायचं, बहुतेकांचं असंच चालतं. ब्रेकर खराब असू शकतो, नाही असं नाही, पण तो संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. आधी ब्रेकरच्या डब्याचं झाकण उघडून नक्की कुठला खटका खाली आलाय आणि किती वेळाने येतोय ते बघा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

वर करताक्षणी फटकन पडला तर शॉर्ट. दहा-पंधरा मिनिटं चालून पडला तर लोड जास्त. आणि टेस्ट बटणवाला आरसीसीबी पडत असेल तर कुठेतरी करंट अर्थिंगकडे लीक होतोय, तो साधारण 30 मिलिअँपिअरलाच पडतो, लोडशी त्याचं काही देणंघेणं नाही.

लोडचा हिशोब सोपा आहे. 230 व्होल्टवर 16 अँपिअर म्हणजे 3680 वॅट, 120 व्होल्टवर 30 अँपिअर म्हणजे 3600, दोन्हीकडे तेवढंच. त्यात किटलीने 2000 खाल्ले, वर एसी चालू, मग उरलं काय? आणि खरी गोम म्हणजे आपण न लावलेल्या गोष्टी, फ्रिज ऑटोवर असला की मेन मिळताच गॅस सोडून गुपचूप लाइटवर येतो, गिझरचा खटका कालपासून चालूच असतो, बॅटरी उतरलेली असेल तर चार्जर पण भरपूर ओढतो. पार्किंगच्या जागी व्होल्टेज कमी असेल तर एसीचा कंप्रेसर सुरू होताना अडकतो आणि जास्त करंट खेचतो, त्यामुळे मल्टिमीटरने सॉकेटवर व्होल्टेज एकदा बघून घ्या.

लोडचं काही दिसत नसेल तर सगळे खटके खाली करा आणि सगळे प्लग काढा, नुसते बंद नाही, काढाच. मग मेन वर करा, मग एकेक सर्किट, मग एकेक वस्तू, मध्ये थोडा वेळ जाऊ द्या. प्लग काढायला का सांगतोय तर सिंगल पोल एमसीबी (म्हणजे एकेका सर्किटचा साधा ब्रेकर) फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि न्यूट्रल कुठे अर्थिंगला टेकत असेल तर एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडू शकतो, माणूस चक्रावून जातो नुसता.

आरसीसीबीच्या बाबतीत माझा पहिला संशय गिझरच्या कॉइलवर. कॉइलचं आवरण तडकलं की पाणी आत जातं आणि कधी कधी गरम झाल्यावरच लीकेज सुरू होतं, म्हणून पाच मिनिटं सगळं छान चालतं आणि मग ट्रिप. पावसानंतरच पडत असेल तर बाहेरचा इनलेट (गाडीला केबल जोडतो तो सॉकेट) आणि केबलचा प्लग उघडून बघा, ओल किंवा हिरवट गंज सापडेल. केबल रीलवर गुंडाळलेली ठेवून एसी चालवू नका, पूर्ण उलगडा, गुंडाळलेली केबल तापून वितळते.

आरव्ही हादरे खातच फिरते, त्यामुळे डब्यातले स्क्रू ढिले होतात. बाहेरची केबल काढा, जनरेटर बंद, इन्व्हर्टर पण बंद (हा विसरला तर डब्यात करंट असू शकतो), टेस्टरने खात्री करा आणि मग स्क्रू आवळा. वायरचं टोक तपकिरी पडलेलं किंवा प्लास्टिक मऊ झालेलं दिसलं तर नुसतं आवळून भागणार नाही, तेवढा तुकडा कापून नवीन टोक करा, आणि तापलेला ब्रेकर त्याच रेटिंगचा नवीन टाका. 16 च्या जागी 25 चा अजिबात नको, ब्रेकर गप्प बसेल पण प्लायमागची वायर जळेल.

सगळं काढून ठेवूनही खटका वर करताच पडत असेल तर दोष भिंतीतल्या वायरिंगमध्ये, उंदराने कुरतडलेली किंवा शेल्फ ठोकताना स्क्रू आरपार गेलेली. तिथे मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावणारा इलेक्ट्रिशियनच लागतो, तोवर ते सर्किट बंदच ठेवा.