जुना गिझर: दुरुस्त करावा की बदलावा?

निर्णय गळती कुठून आहे यावर ठरतो. मेन स्विच बंद करून, पाणी थंड झाल्यावर खालचे झाकण काढा. फ्लँजच्या (पाणी तापवणारे एलिमेंट बसवलेल्या तळाच्या चकतीच्या) कडेने थेंब येत असतील तर गॅस्केट, म्हणजे तिथली रबरी चकती, बदलून भागते. फ्लँज कोरडी आणि कवचाच्या सांध्यातून तांबूस पाणी झिरपत असेल तर टाकीच सडली आहे. तिला एम-सील लावून वेळ मारून नेऊ नका. आत दाब असतो.

माझ्या १५ लिटर, २००० वॅटच्या गिझरची टाकी धड होती, पण चालू केला की ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडायचा. एलिमेंटच्या दोन टोकांत मल्टिमीटरने सुमारे २६ ओहम दाखवले, म्हणजे आतली तार शाबूत. पण टोक आणि बाहेरची नळी यांतही रीडिंग आले: नळीला चीर, आत पाणी. एलिमेंट, गॅस्केट आणि मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड एकदमच बदलले. अ‍ॅनोड स्वतः झिजतो म्हणून टाकी वाचते, आणि नेमका तोच कुणी बघत नाही! पालिकेचे तलावाचे पाणी सहसा मऊ (कमी क्षारांचे) असते. बोअरवेलच्या पाण्यावरच्या सोसायट्यांत मात्र क्षार लवकर धरतात, तिथे दरवर्षी उघडून पाहा.

नवा घ्यायचाच तर टॉवरमध्ये ८ बार दाब सोसणारा घ्या. तांब्याची २.५ चौरस मिमी वायर, १६ अँपिअरचे सॉकेट, आणि जादा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह नवाच. गरम पाण्याच्या नळातून अखंड धार आल्यावरच स्विच लावा. कोरडा एलिमेंट लगेच जळतो.