बांगुसचं तळं करताय? या चुका टाळा

फिलिपिन्समध्ये मिल्कफिशला बांगुस म्हणतात. तळ्याच्या तळाशी धरणारा शेवाळाचा थर, म्हणजे तिथल्या भाषेत लबलब, हे त्याचं कुरण. म्हणून आधी तळ तयार करायचा, मग बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडायची. नवीन माणसाला नेमकी बोटुकली सोडायचीच घाई असते. ते बघून बघून मी थकलो आहे.

सगळ्यात महाग पडते ती आंबट माती न धुण्याची चूक. इलोइलोकडे एका मालकाने कांदळवन तोडून केलेलं तळं एकदा वाळवलं, भरलं आणि लगेच मासे सोडले. मी थांबा म्हणत होतो. तो म्हणाला, “पाणी बघा, किती नितळ!” खाडीचं पाणी इतकं नितळ दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. अशा मातीतल्या लोह-गंधकाला हवा लागली की आम्ल तयार होतं आणि गाळ खाली बसतो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात बांधावरून तांबूस ओघळ उतरले. सकाळी मासे कडेला उलटे पडले होते. एकाचा कल्ला उचलला, आत गंजासारखा थर.

माझी सवय अशी: तळाला भेगा पडेपर्यंत वाळवायचं, उधाणाची भरती उघाडीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, आत घ्यायची, ओहोटीला सगळं पाणी सोडायचं, पुन्हा वाळवायचं. तीन-चार वेळा तरी. पावसाआधी बांधाच्या माथ्यावर आणि उतारावर चुना. नुसता तळाला चुना मारून मोकळे होणारे बांध विसरतात, आणि आम्ल तिथूनच येतं.

दुसरी घाई पाण्याची. कोंबडीखत टाकल्यावर तीन-चार बोटं पाणी ठेवा आणि लबलब धरला की थोडं थोडं वाढवा. एकदम गुडघाभर पाणी घेतलं तर थर सुटून वर येतो, वाऱ्याने कोपऱ्यात जमतो आणि तिथेच कुजतो.

उघाडीला बारीक जाळी हवीच, नाहीतर भरतीबरोबर शिकारी मासे आत येतात.

बोटुकली पिशवीतून थेट ओतू नका. तळ्याचं पाणी हळूहळू मिसळा.

तळ्याऐवजी समुद्रात जाळीच्या पिंजऱ्यांत मासे वाढवत असाल, तर पिंजरे दाटीने लावू नका. 2002 च्या फेब्रुवारीत फिलिपिन्सच्याच बोलिनाओला मासे मोठ्या प्रमाणात मेले, तेव्हा तिथे परवानगीच्या दुपटीहून जास्त पिंजरे आणि कुंपणं होती.

आणि पहाटे तळ्यावर जा. मासे वर तोंड काढून हवा घेत असतील, तर त्या दिवशी खाद्य बंद आणि भरती येताच नवं पाणी आत.