ओव्हरडोसची तयारी: आधी चावी कुठाय ते सांगा

आमच्या गोव्यातल्या कॉलेजात नॅलॉक्सोन होतं, म्हणजे ओपिऑइडचा (अफूच्या जातीच्या नशेचा) असर उतरवणारं औषध. हे पहिलं सांगतो कारण सगळ्यांना वाटतं अडचण औषध मिळण्याची असते. औषध होतं, बॉक्स होता, बॉक्सवर लाल अक्षरात नाव होतं, आणि चवथीच्या दोन दिवस आधी रात्री पावणेबाराला हॉस्टेलच्या बाथरूममध्ये एक पोरगा निळा पडत चालला होता तेव्हा तो बॉक्स सिकरूमच्या लोखंडी कपाटात, चावी शिपायाच्या खिशात, आणि शिपाई फोंड्याला आपल्या घरी माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधायच्या तयारीत. पोरगा वाचला. वॉर्डनने तोंडाने श्वास दिला आणि 108 वेळेवर आली म्हणून वाचला, माझ्या तयारीच्या यादीमुळे नाही. यादी मीच केली होती, छान टाईप करून, प्रिन्सिपलची सही घेऊन.

तर यंदा जे कोण हे काम घेणार त्यांच्यासाठी.

108 चा नंबर लावा, वगैरे. ते सगळ्यांना माहीत आहे. पण पत्ता लिहून लावा, कारण घाबरलेलं माणूस फोनवर फक्त कॉलेजचं नाव सांगतं आणि आपल्याकडे वाड्यांची नावं गावोगाव तीच. कुठल्या कपेलीकडून (छोट्या चर्चकडून) वळायचं, कुठलं गेट रात्री उघडं असतं, हे दोन ओळीत लिहून प्रत्येक मजल्यावर चिकटवा. आणि मागच्या गेटचं कुलूप. त्याचीही चावी. हो, परत चावीच.

ओळखायचं कसं हे पोरांना शिकवा, प्राध्यापकांना नंतर शिकवलं तरी चालेल, कारण रात्री तिथे पोरंच असतात. हाक मारली, खांदा हलवला, छातीच्या हाडावर मूठ घासली तरी उठत नाही. श्वास मिनिटाला पाच-सहा किंवा थांबलेलाच. ओठ, नखं निळसर. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आणि घोरणं. ह्या घोरण्यानेच घात होतो. खोलीतल्या पोरांना वाटतं मस्त झोपलाय, उतरेल सकाळपर्यंत, आणि ते दार ओढून घेतात. घशातून घरघर येतेय आणि उठवल्यावर उठत नाही म्हणजे झोप नव्हे. ब्राउन शुगर असो, ट्रामाडोलच्या गोळ्या असोत नाहीतर कोडीनचं खोकल्याचं औषध, जीव जातो तो श्वास बंद पडून, आणि वर दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर आणखी लवकर. गार पाण्याखाली धरू नका, कांदा हुंगवू नका, कॉफी पाजू नका, ओकारी काढायला तोंडात बोटं तर मुळीच नको.

श्वास द्यायला शिकणं हे औषधाच्या आधी. हनुवटी वर, नाक बंद, दर पाच सेकंदांनी एक श्वास, छाती वर येते का बघायचं. नाडी लागत नसेल तर छाती दाबणं, सीपीआर. पॉकेट मास्क दोन ठेवा, नाहीतर ऐन वेळेला लोक तोंड लावायला कचरतात, आणि त्यात त्यांना दोष देण्यासारखं काही नाही.

आता औषध. आपल्याकडे साधारण इंजेक्शनच मिळतं, 0.4 मिलिग्रॅमची काचेची अँप्युल, चिठ्ठीवरचं औषध. म्हणून कॉलेजच्या डॉक्टरला पहिल्या मीटिंगपासून धरा, कोण देणार ते त्यांच्याकडून लेखी घ्या, आणि त्या माणसांना त्यांच्यासमोरच शिकवा. एक अँप्युल पुरेल असं धरू नका, दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर पुन्हा द्यावं लागतं. सिरिंज आणि सुया त्याच बॉक्समध्ये, पाच तरी. (एका कॉलेजात अँप्युल होत्या आणि सिरिंज नव्हत्या. मी हसलो नाही, मला हसायचा हक्कच नाही.) ओपिऑइड नसलं तर ह्या औषधाने बिघडत काही नाही, त्यामुळे नक्की काय घेतलंय ह्याची चौकशी करत बसू नका.

आणि बॉक्स कुलपात ठेवायचा नाही. ऑफिसात नाही, सिकरूममध्ये नाही, कुणाच्या ड्रॉवरमध्ये नाही. सिक्युरिटीच्या केबिनमध्ये, जिथे रात्री माणूस असतो, भिंतीवर, सावलीत, प्लास्टिकच्या सीलचा बॉक्स, ओढलं की तुटतं. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणणारच की चोरी होईल. नॅलॉक्सोनने नशा चढत नाही, उतरते, कोण कशाला चोरेल? मग म्हणतील एक डुप्लिकेट चावी वॉर्डनकडे ठेवू. नको. वॉर्डन बदलतो, सुट्टीवर जातो, चावीचा जुडगा शोधायला चार मिनिटं लागतात आणि मेंदूला प्राणवायूशिवाय तेवढाच वेळ मिळतो. कुलूपच नको. हे मिनिट्समध्ये लिहून घ्या, आणि ऑगस्टमध्ये स्वतः रात्री अकराला जाऊन बघा, कारण कोणीतरी शिस्तप्रिय माणूस तिथे कुलूप लावतोच.

पोरं फोन करायला घाबरतात. पोलीस, घरचे, रस्टिकेशन. एनडीपीएस ह्या अमली पदार्थांच्या कायद्यात सेवन हा गुन्हा आहे आणि तुमच्यावर काहीच येणार नाही असं वचन कॉलेज देऊ शकत नाही, खोटं सांगू नका. पण कॉलेजची स्वतःची शिक्षा आपल्या हातात आहे. फोन करणाऱ्यावर आणि पडलेल्यावर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही हे हँडबुकात छापा, ओरिएंटेशनला मोठ्याने वाचा. आमच्याकडे दाराबाहेर तीन पोरं उभी होती आणि कोणी फोन करायचा ह्यावर वाद चालला होता.

औषध दिल्यावर शुद्धीवर येतो, ओकतो, शिव्या घालतो, मला काही झालं नाही म्हणतो आणि निघतो. जाऊ देऊ नका. नॅलॉक्सोनचा असर अर्धा ते दीड तास, पोटातल्या गोळ्यांचा त्याहून जास्त, म्हणजे श्वास परत बुडू शकतो. कुशीवर झोपवा, एक जण सतत जवळ, आणि बांबोळी, म्हापसा, मडगाव जे सरकारी हॉस्पिटल जवळ पडेल तिथे, 108 नेच, मित्राच्या स्कूटरवर मधे बसवून नाही.

बाकी पटापट. एक्स्पायरी जूनमध्ये बघा. बॉक्स उन्हात नको, कोणाच्या गाडीच्या डिकीत तर नकोच. ड्रिल एक तरी रात्रीची, न सांगता. नंतरचं बोलायला टेली मानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) 14416, व्यसनासाठी 14446, दोन्ही नंबर हॉस्टेलात. ज्यांनी बघितलं त्या पोरांशीही कोणीतरी बोला, ते आम्ही महिनाभर विसरलो.

सिक्युरिटीची एजन्सी बदलली की सगळं पहिल्यापासून. नवीन माणूस बॉक्सला कुलूप लावणार.