कोतवाल बुकात रोगाची साथ कशी शोधायची

कुणबी नोंदींसाठी तहसील कचेरीत रांगा लागल्या, तेव्हापासून कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममरणाची जुनी नोंदवही, पोरासोरांच्याही तोंडी आलंय. जातीचा रकाना बघितला की लोक पान उलटतात. मी तलाठी म्हणून निवृत्त झालो, आता मरणाच्या कारणाचा रकाना वाचत बसतो.

आधी मोडी शिका. सगळी नको, ताप, पटकी (कॉलरा), देवी, गाठ (प्लेग) एवढे शब्द ओळखता आले तरी काम सुरू होतं.

मग वहीत महिन्यांचे बारा चौकोन आखून मरणं मांडा. वर्षाची बेरीज करू नका, साथ तिच्यात बुडून जाते. देवीत बहुतेक लहान पोरं. ‘ताप’ मात्र फसवा, कारण लिहिणारा कुलकर्णी काही डॉक्टर नव्हता. १९१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तापाच्या ओळीच्या ओळी दिसल्या, त्याही विशी-तिशीतल्या माणसांच्या, तर तो एन्फ्लुएंझा धरा.

आता गावाचा नकाशा काढून घरांवर खुणा करा. उंदीर मेला की त्याच्या पिसवा माणसावर येतात, म्हणून प्लेगची मरणं घराला धरून असतात. पटकीची पाणवठ्याला. पटकी आली की विहिरीत परमँगनेट टाकून पाणी गुलाबी करायचे. आणि लोक मरीआईचा गाडा वेशीबाहेर ढकलायचे, तेव्हा पलीकडच्या गावचं बुकही उघडाच.

आमच्या कोल्हापूरकडची गावं असतील तर साथीच्या बंदोबस्ताचे हुकूम मुंबई सरकारच्या कागदांत धुंडाळू नका. १ मार्च १९४९ पर्यंत कोल्हापूर संस्थान होतं. पुराभिलेखागारात दरबारचे कागद मागा.

एका ठिकाणी मी सपशेल फसलो. गाठीच्या नोंदींनी भरलेलं पान, आणि पुढचं कोरं. मी लिहून टाकलं, ‘साथ संपली.’ आत्ती हसली. तिच्या आईनं तिला सांगितलेलं. “संपली कुठली? गाव माळाला गेलतं.” घरात उंदीर पडायला लागले की लोक माळावर झोपड्या घालायचे, मागं घराची कौलं काढून आत ऊन सोडायचे. हाफकिनची लस १८९७ पासून होती, पण सुईला लोक बिचकायचे. माळ मात्र जवळ होता.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी त्या कोऱ्या पानाची नक्कल मागितली. कारकुनानं ते पान दोनदा उलटसुलट करून बघितलं. “काका, ह्यात काय न्हाई की!”