पाड्यावर आयांचा गट काढताय? आधी हे वाचा

आदिवासी पाड्यावर नव्या आयांचं मन मोकळं व्हावं म्हणून गट काढणार असाल तर 'मानसिक आरोग्य' हा शब्द कुठेच लिहू नका, बाया म्हणतात आम्ही काय वेड्या आहोत का, आणि सासूच्या कानावर गेलं की सून यायची बंद. लेकुरवाळ्यांची बैठक म्हणा, झालं.

बैठक चालवणारी पाड्यातलीच हवी, शाळा कमी शिकलेली चालेल, भाषा तीच पाहिजे. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या बाईला मराठीत कसं वाटतंय विचारलंत तर "बरं आहे" म्हणेल, विषय संपला.

महिन्यातून एकदा पुरे. लावणीत नको, मोहफुलं वेचायच्या दिवसांत सकाळी तर नकोच. अमृत आहार योजनेचं जेवायला गरोदर नि स्तनदा माता अंगणवाडीत येतातच, त्यालाच जोडून बसा.

आता मेन गोष्ट. थेट प्रश्न विचारू नका, चित्र दाखवा. बाळ रडतंय आणि आई भिंतीकडे तोंड करून बसलीय. बायांनाच तिचं नाव ठेवू द्या, हिला काय झालं असेल विचारा आणि गप्प बसा, खरंच गप्प, आपल्याला तेच जड जातं. आधी "नजर लागली" येईल, मग "नवरा पीत असेल", मग कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणेल, हिला रात्रीची झोपच लागत नसेल. ती कोणाचं बोलतेय ते सगळ्यांना कळतं, पण बोट दाखवायचं नाही. पुढचा प्रश्न, हिच्यासाठी आपण काय करू? कोणी तासभर बाळ घेईल, कोणी पाण्याचा हंडा आणेल, ठरलेलं झालं का ते पुढच्या बैठकीत विचारायचं.

झारखंड-ओडिशात एकजूट संस्थेने 2005 ते 2008 माता नि नवजात बाळांच्या आरोग्यासाठी असेच महिला गट चालवले, तिसऱ्या वर्षी गट नसलेल्या भागापेक्षा मध्यम नैराश्य 57 टक्क्यांनी कमी दिसलं, पण तिन्ही वर्षं मिळून बघितलं तर ठळक फरक नव्हता. त्यामुळे सहा महिन्यांत रिझल्टचे फोटो हवे असतील तर राहू द्या.

भगताशी, भूमकाशी (कोरकूंचा पारंपरिक वैद्य) भांडू नका, त्यालाही बोलवा, घरचे आधी त्याच्याकडेच जातात.

कोणी जीव द्यायचं बोललं, बाळाला काही करेन म्हणाली किंवा नसलेले आवाज ऐकू येतात म्हणाली तर बैठकीची वाट बघायची नाही, तिला एकटं सोडायचं नाही, आशाताईला घेऊन लगेच दवाखाना गाठायचा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, फक्त पाड्यावर रेंज कुठल्या टेकाडावर येते ते आधीच बघून ठेवा.