वक्तृत्व स्पर्धेत हातांचं काय करायचं? या चुका टाळा

शाळा-कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धांत सगळ्यात जास्त खटकतात ते बसवलेले हातवारे. ‘आकाश’ म्हटलं की हात वर, ‘हृदय’ म्हटलं की छातीवर, ‘शत्रू’ म्हटलं की तर्जनी थेट परीक्षकांवर! नीट पाहिलंत तर हात शब्दामागून उठतो. आपण गप्पा मारतो तेव्हा हात शब्दाच्या बरोबर, बहुतेकदा किंचित आधीच हलतो. म्हणून हा उशीर ऐकणाऱ्याला कृत्रिम वाटतो, का ते सांगता आलं नाही तरी. यावर उपाय म्हणजे पाठांतर करताना हातवारे बसवायचेच नाहीत. तोच मजकूर घरी कुणाला तरी गप्पांच्या सुरात सांगा. तेव्हा जे हात आपोआप हलतील, तेवढे मंचावर पुरेत. (हे मुलांपेक्षा त्यांची तयारी करून घेणाऱ्यांनी वाचावं.)

कागद फडफडतोय? हात सगळ्यांचेच थरथरतात, पण पातळ सुटा कागद ती थरथर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो. पोस्टकार्डाएवढ्या जाड कार्डावर चार-पाच मुद्दे लिहा.

माइक शिट्टी मारत असेल, तर आधी आपली मूठ बघा. जाळीवर हात आवळला की माइक स्पीकरचा आवाजही जास्त ओढतो. दांडा धरा. स्टँडवरच्या माइकशी बोलताना नुसती मान डावीकडे वळवली, तर वाक्याचा शेवट हरवतो. माइकभोवती थोडं सरकून तोंड त्याच्यासमोरच ठेवा.

वेळ बघायला मनगटाकडे पाहू नका. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या रिचमंडच्या अध्यक्षीय वादसभेत थोरल्या जॉर्ज बुश यांनी समोरून प्रश्न येत असताना घड्याळ पाहिलं, आणि त्या संध्याकाळचं तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. घड्याळ काढून पोडियमवर ठेवा.

आणि ‘५५ टक्के परिणाम देहबोलीचा’ हे ऐकून भाषणाची तयारी सोडू नका. तो आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून आलाय. तिथे सुटे शब्द आणि त्यामागची आवड-नावड तपासली होती, भाषणं नव्हे.

मोबाइलवर रेकॉर्डिंग करून एकदा आवाज बंद ठेवून बघा. डोलणं, ओढणी सावरणं, केस मागे सारणं लगेच दिसेल. त्यातली एकच सवय आधी धरा. स्पर्धा उद्यावर आली असेल, तर तीही राहू द्या.